गळ आणि पिंजरा

आयझॅक वॉल्टनने १६५३ साली मासेमारीला चिंतनाचे साधन ठरवले, आणि साहित्याचे आम्ही अभ्यासक गळ टाकून बसलेल्या माणसाला निरुपद्रवी मानत आलो. जून २०२४ मध्ये नॉर्वेने ३३ नद्यांवरील सॅमनची मासेमारी ऐन हंगामात थांबवली, तेव्हा तरी हा भ्रम तुटावयास हवा होता. अंडी घालण्यास परतणारा मासाच उरला नाही, तर नदीवर सर्वांचा हक्क म्हणजे नेमका कशावरचा हक्क? बंदी योग्यच होती. 'पकडतो, पण सोडून देतो' ही सबबही आम्हांस पुरेशी वाटत नाही. कोमट पाण्यात दमवलेला मासा सोडल्यावरही मरतो.

आमचा आक्षेप निराळा आहे. फ्योर्डांतील मत्स्यशेतीच्या पिंजऱ्यांतून पसरणाऱ्या समुद्री उवा समुद्राकडे निघालेल्या पिलांना चिकटतात. निसटलेले पाळीव मासे रानटी वाणात मिसळतात. नॉर्वेच्याच शास्त्रज्ञांनी हे मोठे धोके म्हणून वारंवार नोंदवले आहे. हौशी माणसाच्या पाठीशी निर्यातीचा पैसा नसतो, म्हणून त्याला काठावरून उठवणे सोपे (आणि दिसतेही शोभून). पिंजऱ्यांसाठी मात्र २०१७ पासून रंगीत दिव्यांची पद्धत आहे: लाल दिवा लागला, की उत्पादनात कपात. किती? ६ टक्के.