विश्लेषण : धूरफवारणीने डेंग्यूचे डास खरेच मरतात का?

मुंबईत डेंग्यूचा रुग्ण सापडला की सोसायटीची पहिली मागणी असते धूरफवारणीची. महापालिकेच्या कीटकनाशक विभागाचे कर्मचारी यंत्र घेऊन येतात, गल्ली धुराने भरते आणि रहिवासी खिडक्या लावून घेतात. ज्याच्यासाठी हा खटाटोप, तो डास मात्र बहुधा खिडकीच्या आतच बसलेला असतो.

धुरात नेमके काय असते?

डिझेल किंवा रॉकेलमध्ये मिसळलेले कीटकनाशक यंत्रात तापवले जाते. बाहेरच्या हवेत त्याचे अतिसूक्ष्म थेंब होतात. पांढरा धूर म्हणून दिसतात ते हेच. थेंब अंगाला लागला तरच डास मरतो आणि थेंब विरले की परिणाम संपतो. भर दुपारी तापलेली हवा धूर वर ओढून नेते, म्हणून फवारणी सकाळी किंवा संध्याकाळी करतात. त्या वेळी अन्न झाकून, दमेकऱ्यांना दूर ठेवून खिडक्या उघड्या ठेवणे अपेक्षित असते.

मग डास कमी का होत नाहीत?

एडिस इजिप्ती हा दिवसा चावणारा, घरातला डास. पलंगाखाली, पडद्यामागे दडून बसतो. मादी अंडी घालते ती फ्रिजमागच्या ट्रेमध्ये, मनीप्लांटच्या बाटलीत, कुंडीखालच्या ताटलीत, गच्चीवरच्या टायरमध्ये. पाण्यातल्या अळीला धुराने काहीही होत नाही. अंड्यापासून डास व्हायला साधारण ८ ते १० दिवस लागतात, त्यामुळे आज फवारणी झाली तरी उद्या नवे डास बाहेर पडतातच. कोरडी पडलेली अंडीही काही महिने तग धरतात. मलेरिया पसरवणारा ॲनोफिलीस स्टीफेन्सी इमारतींच्या टाक्या, विहिरी आणि बांधकामांवरच्या पाण्यात वाढतो. तिथेही धूर निरुपयोगीच.

तरीही धुराचीच मागणी का?

कारण धूर दिसतो. करोनाकाळात रस्त्यांवर सोडियम हायपोक्लोराइट फवारले गेले, तेही असेच. धूळ-कचऱ्यामुळे जंतुनाशक निष्प्रभ होते, रस्त्यांवर फवारणी करू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२० मध्ये सांगितले होते.

रुग्ण आढळल्यावर त्याच्या व आजूबाजूच्या घरांत आतून केलेली फवारणी विषाणूवाहक डास मारते. तेवढा तिचा उपयोग आहे. बाकी काम शिडी लावून टाक्या तपासण्याचे, अळीनाशक टाकण्याचे, गप्पी मासे सोडण्याचे. ते कोणाच्या नजरेत भरत नाही. त्यात तपासणीला आलेल्या कर्मचाऱ्याला अनेकदा बंद दार भेटते, तर कधी गच्चीची किल्ली सापडत नाही. डासांची पैदास आढळल्यास १८८८ च्या महापालिका अधिनियमानुसार नोटीस बजावता येते. पण त्यासाठी आधी गच्चीवर पोहोचावे लागते.