हातांना निरक्षर ठेवणारी शाळा

आपल्या शाळांच्या वेळापत्रकात चित्रकला आणि कार्यानुभव हे दोन विषय छापलेले असतात. छापलेले असतात, एवढेच. घटक चाचणी जवळ आली की चित्रकलेचा तास गणिताला जातो, सहामाही आली की कार्यानुभवाचा तास इंग्रजीला जातो, आणि दहावीच्या वर्गात तर या विषयांचे नाव काढणेही पालकांना गैर वाटते. वर्षअखेरीस मात्र प्रगतिपुस्तकात दोहोंपुढे 'अ' श्रेणी न चुकता उमटते. जे शिकवलेच नाही त्यात सारा वर्ग उत्तम रीतीने उत्तीर्ण होतो! एखाद्याला संतपद देण्यापूर्वी चमत्काराची वर्षानुवर्षे कसून चौकशी करणारी आपली ख्रिस्तसभा. पण तिच्याच शाळांत दरवर्षी घडणाऱ्या या चमत्काराची चौकशी करावी, असे कोणाच्या मनात येत नाही.

शासनाला दोष देणे सोपे आहे आणि तो काही अंशी खराही आहे. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांचे निदेशक सांगितले आहेत. पण ते अंशकालीन, आणि तेही शंभराहून अधिक मुले असतील तरच. शंभर मुलांच्या शाळेला चित्रकला नको आणि एकशे एक मुलांच्या शाळेला हवी, हे कोणते शिक्षणशास्त्र? खेड्यापाड्यांतील लहान शाळांतील मुलांचे हात कायद्यानेच मोजणीबाहेर ठेवले. परंतु चालू तास काढून घेतो तो कायदा नव्हे. तो आपण काढून घेतो. पालकसभेत उठून "ही कागद कापण्याची नाटके कशाला?" असे विचारणारा गृहस्थ आपल्याच धर्मग्रामातील असतो, आणि त्याला मान डोलावून दुजोरा देणारे व्यवस्थापनही आपलेच.

आपण, म्हणजे नासरेथच्या सुताराचे अनुयायी! गावकऱ्यांनी येशूची अवहेलना केली ती त्याच्या धंद्यावरून, असे मार्कच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात आहे. निर्गमाच्या एकतिसाव्या अध्यायात देव आपल्या आत्म्याने भरतो तो बसालेल नावाच्या कारागिराला, सोने, रुपे, पितळ आणि लाकूड घडवण्यासाठी. पोप बारावे पायस यांनी 1955 मध्ये 1 मे हा दिवस कामकरी संत जोसेफ यांना वाहिला. पोप दुसरे जॉन पॉल यांनी 1981 मध्ये मानवी श्रमावर एक संपूर्ण परिपत्रक लिहिले. डॉन बॉस्को यांनी 1853 मध्ये तुरीन शहरात आपल्या अनाथ मुलांसाठी चांभारकाम आणि शिवणकामाच्या कार्यशाळा उघडल्या. 1 मे रोजी आपण पवित्र मिस्सेत करवत आणि रंधा वेदीपुढे अर्पण करतो. पुढे जूनमध्ये शाळा उघडली की त्याच रंध्याला वर्गात प्रवेश नसतो.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो गंभीर आहे. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या माथी हातकाम मारले गेले, त्यांना लेखणी हवी आहे, रंधा नव्हे. मद्रास राज्यात राजाजींनी 1953 मध्ये अर्धा दिवस शाळा आणि अर्धा दिवस बापाचा धंदा, अशी योजना आणली. लोकांनी तिला कुळाच्या धंद्याचे शिक्षण म्हणून धिक्कारले आणि पुढल्याच वर्षी ती बंद पडली. ते योग्यच झाले. पण त्यातून निघणारा धडा उलटा आहे. चांभाराच्या मुलालाच चामडे शिकवणे हा अन्याय. डॉक्टरच्या आणि चांभाराच्या मुलाने एकाच बाकावर बसून तेच चामडे शिवणे हा त्या अन्यायावरील उतारा. 1937 च्या वर्धा परिषदेपासून मुदलियार आयोगापर्यंत आणि पुढे 1964 ते 66 च्या कोठारी आयोगापर्यंत सर्वांनी हातकाम मागितले ते सर्व मुलांसाठी. आपण मात्र ते 'ढ' मुलांसाठी राखून ठेवले. ज्याला गणित येत नाही त्याला सुतारकी, हे वाक्य उच्चारणाऱ्याने कधी छताच्या उताराची तुळई मापून पाहिलेली नसते.

हे घडू शकते, याचा दाखला दूर नाही. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. मोठ्या कंपनीतील संशोधकाची नोकरी सोडून आलेला हा शास्त्रज्ञ. त्यांच्या अभ्यासक्रमात माध्यमिक शाळेतील मुले आठवड्यातील एक दिवस वेल्डिंग, सुतारकाम, वीजजोडणी, शेती, पशुपालन आणि अन्नप्रक्रिया शिकतात. गावाच्या उपयोगी पडेल असे खरेखुरे काम करतात. आणि शिकवतात ते गावातलेच जाणकार. शालान्त परीक्षा मंडळाने या विषयाला मान्यता दिली. 2020 च्या राष्ट्रीय धोरणाने सहावी ते आठवीच्या काळात दप्तराविना दहा दिवस सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे जाण्याची तरतूद केली आहे. दहा दिवसांत रंध्याचे पाते लावणेही धड येत नाही. पण निदान दरवाजा किलकिला झाला आहे.

चित्रकलेची गत वेगळी नाही. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षांचे महत्त्व दहावीच्या वाढीव गुणांपुरते उरले, आणि जे शाळेत मिळायला हवे ते खाजगी वर्गात पैसे मोजून मिळू लागले. ज्याच्यापाशी पैसे नाहीत त्याने रंगपेटी मिटून ठेवावी. या दुर्लक्षाची किंमत समाज म्हणूनही आपण चुकवली आहे. गोव्यात जन्मलेला आंजेलो दा फोन्सेका (1902–1967) हा चित्रकार शांतिनिकेतनात शिकून पुण्यात राहिला आणि साडी नेसलेली मरिया रंगवीत राहिला. त्याच्या वाट्याला स्वकीयांकडून टीकाच अधिक आली. पाहायला कधी शिकलोच नाही, मग साच्यातून काढलेले गुलाबी गालांचे पुतळेच आपल्याला पवित्र वाटणार.

तेव्हा येत्या पालकसभेत मार्कांबरोबर आणखी काही विचारावे. चित्रकलेचे शिक्षक निवृत्त झाल्यावर ती जागा भरली गेली का? गेल्या महिन्यात कार्यानुभवाचे किती तास प्रत्यक्ष झाले? प्रत्येक धर्मग्रामात निवृत्त सुतार, गवंडी, शिंपी, वायरमन आहेत; शाळेने त्यांना मानधन देऊन शुक्रवारची दुपार त्यांच्या हाती सोपवावी. दहा करवती, दहा हातोड्या आणि एक मजबूत बाक यांचा खर्च वार्षिक स्नेहसंमेलनाच्या मंडपाहून जास्त नाही. आणि त्याच स्नेहसंमेलनात 'विद्यार्थ्यांच्या हस्तकला' या फलकाखाली मांडलेल्या वस्तू आदल्या संध्याकाळी पालकांनी दुकानातून आणल्या असतील, तर तो फलक मुख्याध्यापकांनी स्वतः उतरवून ठेवावा.