सायलेंट हिल २ : नवं धुकं, जुनी भीती

सर्व्हायव्हल हॉरर हा गेमचा प्रकार म्हटला की आमच्या घरातल्या मोठ्या मंडळींच्या डोळ्यांसमोर एकच चित्र येतं. अंधार, किंकाळ्या, रक्त आणि हातात बंदूक घेऊन धावणारा कुणीतरी. "हे असलं बघून तुला झोप कशी लागते रे?" हा प्रश्न मावशीपासून पुतणीपर्यंत सगळ्यांनी विचारून झालाय. त्याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून हा लेखनप्रपंच. निमित्त 'सायलेंट हिल २'च्या रीमेकचं. रीमेक उत्तम आहे, हे आधीच सांगून टाकतो. पण तो खेळला म्हणजे मूळ गेम खेळल्यासारखंच झालं, असं जे सर्रास म्हटलं जातं, ते मला अजिबात पटत नाही.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. मूळ गेम जपानच्या कोनामी कंपनीने २००१ साली प्लेस्टेशन २ साठी काढला. जेम्स संडरलंड नावाच्या माणसाला त्याच्या बायकोचं, मेरीचं, पत्र येतं. "आपल्या त्या खास जागी मी तुझी वाट बघतेय" अशा अर्थाचं. अडचण एवढीच की मेरी तीन वर्षांपूर्वी आजारपणात वारलेली आहे. जेम्स त्या गावात येतो. गाव धुक्याने भरलेलं, रिकामं, आणि त्यात माणसासारखं पण माणूस नसलेलं काहीतरी फिरतंय. रीमेक केला तो पोलंडमधल्या क्राकोच्या ब्लूबर टीमने, २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये. जुन्या मंडळींपैकी संगीतकार अकिरा यामाओका आणि राक्षसांची रूपं रेखाटणारे मासाहिरो इतो हे दोघे त्यातही आहेत.

आता धुक्याविषयी. ही मुळात एक पळवाट होती. मालिकेचा पहिला गेम १९९९ चा. पहिल्या प्लेस्टेशनला लांबवरचं गाव एकदम रेखाटणं झेपत नव्हतं, म्हणून धुकं आणि अंधार घालून ते झाकून टाकलं. आणि त्या झाकण्यातूनच मालिकेचा आत्मा सापडला! जेम्सच्या खिशातला रेडिओ जवळ काही आलं की खरखरतो. म्हणजे काहीतरी आहे हे कळतं, कुठे आहे ते कळत नाही. धारप वाचून मोठे झालेल्यांना याची गंमत वेगळी समजावून सांगायला नको.

नव्या मशीनला असली अडचण नाही, तरी रीमेकवाल्यांनी धुकं ठेवलं आणि ते फार सुंदर केलंय. विरळ होतं, दाटतं, वाऱ्यावर सरकतं. इथे त्यांना पैकीच्या पैकी मार्क.

माझी पहिली तक्रार कॅमेऱ्याबद्दल आहे. जुन्या गेममध्ये कॅमेरा बरेचदा जेम्सपासून लांब असायचा. कधी छताच्या कोपऱ्यात, कधी रस्त्याच्या पलीकडे. आपण जेम्सला चालवायचो, पण आपण जेम्स नसायचो. कुणीतरी त्याच्यावर नजर ठेवून आहे, आणि त्या पाहणाऱ्यांत आपणही आहोत, अशी एक विचित्र भावना असायची. रीमेकमध्ये कॅमेरा कायम त्याच्या खांद्यामागे. त्यामुळे भीती वाढते यात वाद नाही. टेबलाआड निश्चल उभी राहिलेली मॅनिक्विन टॉर्चच्या उजेडात अचानक दिसली की हातातला कंट्रोलर उडतो. पण ही भीती आहे दचकण्याची. जुनी होती संशयाची, आणि तो संशय राक्षसांचा नव्हे, खुद्द जेम्सचा होता. या गोष्टीला तोच संशय हवा आहे.

दुसरी तक्रार लांबीची. मूळ गेम आठेक तासांत संपतो, रीमेकला जवळजवळ दुप्पट लागतात. ती बिल्डिंग, ते हॉस्पिटल, तो तुरुंग, सगळं वाढवलंय. जेम्सला आता वार चुकवताही येतात. जुना जेम्स फळी अशी फिरवायचा की जन्मात कधी कुणावर हात उचलला नसावा. नवा जेम्स दहाव्या तासाला तयार गडी होतो. शोक करणारा माणूस मारामारीत तरबेज झाला की त्याच्या शोकाचं वजन थोडं कमी होतं. निदान मला तरी तसं वाटलं.

पण एका ठिकाणी रीमेक खरोखर पुढे गेलाय, तो म्हणजे चेहऱ्यांमध्ये. जुन्या गेममधली पात्रं झोपेत बोलल्यासारखी बोलायची. त्याचीही एक मजा होती. नव्यात जेम्सचा चेहरा वाक्य संपल्यावरही बोलत राहतो. मेरीसारखीच दिसणारी मारिया भेटते तेव्हा त्याच्या डोळ्यांत आशा, लाज आणि भीती एकापाठोपाठ येऊन जातात. तिथे एकही संवाद नाही आणि त्याची गरजही नाही.

आता त्या झोपेच्या प्रश्नाकडे येतो. खरं आहे, झोप लागत नाही. पण त्याचं कारण राक्षस नव्हेत. शेवटाकडे एक लांबलचक बोळ येतो. त्यात मारायला कुणीही नाही. नुसतं चालायचं. आणि चालताना आजारी मेरीचा आवाज ऐकू येतो. ती नवऱ्यावर ओरडते, चालता हो म्हणते, आणि दुसऱ्याच क्षणी जाऊ नकोस म्हणून रडते. ज्यांनी घरात दीर्घ आजारपण काढलंय त्यांना हा आवाज ओळखीचा वाटेल. रुग्णाशेजारी बसणारा माणूस नुसता दुःखी नसतो. तो थकलेला असतो, चिडलेला असतो, आणि कधीतरी "सुटू दे आता" असा विचार त्याच्या मनात येऊन जातो. ते सुटणं तिचं की आपलं, हे स्वतःलाही सांगवत नाही. आपल्याकडे 'सेवा' या शब्दाखाली हे सगळं झाकून ठेवायची रीत आहे. हा गेम ते झाकण उचलतो. (शेवटी काय उलगडतं ते सांगत नाही, खेळणाऱ्यांचे शिव्याशाप नकोत!)

आणि हे सिनेमाला जमणार नाही अशा रीतीने करतो. गेमचे शेवट अनेक आहेत, पण कुठला हवा ते कधीच विचारत नाही. तो गुपचूप बघत असतो. तुम्ही जखमी अवस्थेत औषध न घेता किती वेळ हिंडलात? मेरीचा फोटो काढून बघितलात का? मारियाची किती काळजी घेतलीत? जेम्सला जगायची इच्छा आहे की नाही, हे तुमच्या हातांच्या सवयींवरून ठरतं. रीमेकने ही युक्ती तशीच राखली आणि वर दोन नवे शेवट दिले. म्हणून 'मुलांचे खेळ' हा शेरा मला मान्य नाही.

उरला प्रश्न मूळ गेमचा. २०१२ साली त्याची एचडी आवृत्ती निघाली तेव्हा अंतिम सोर्स कोड जपून ठेवलेलाच नव्हता. अर्धवट कोडवरून काम झालं आणि धुकंच बिघडलं. २०२४ मध्ये रीमेक आला तेव्हा मूळ गेम पीसीच्या अधिकृत दुकानांत मिळत नव्हता. हौशी चाहत्यांनी दुरुस्त करून ठेवलेली जुनी पीसी आवृत्ती, हाच काय तो आधार. हे एकाच गेमचं रडगाणं नाही. २०२३ च्या एका अमेरिकन अभ्यासानुसार तिथे २०१० पूर्वी निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के बाजारात उपलब्ध नाहीत. उलट कॅपकॉमने रेझिडेंट ईव्हिलचे नवे रीमेक विकत असतानाच पहिले तीन जुने गेम २०२४ साली जीओजीवर पुन्हा आणले. म्हणजे मनात आणलं तर जमतं.

नाटक नव्या संचात आलं म्हणून जुन्या प्रयोगाचं रेकॉर्डिंग कुणी पुसून टाकत नाही. गेमच्या बाबतीत मात्र नवं आलं की जुनं गेलं तरी चालतं, अशी आपली समजूत झालीय. रीमेक जरूर खेळा. पण जुना कुठे मिळाला तर तोही खेळा, ओबडधोबड हालचाली आणि लांबच्या कॅमेऱ्यासकट. एक तुम्हाला जेम्सच्या जागी उभं करतो, दुसरा त्याच्याकडे बघायला लावतो. ही गोष्ट पुरती समजायला दोन्ही लागतात.