बक्षीस सुरक्षित कामाला हवे

बांधकामावरील सुरक्षिततेसाठी बक्षीस देण्याची पद्धत चांगली आहे. मात्र ते कशासाठी दिले जाते, हे महत्त्वाचे. ‘महिनाभर अपघात नाही तर बोनस’ असे ठरले की जखमी मजूर बोटाला चिंधी गुंडाळून गप्प बसतो. नोंदवही कोरी राहते, धोका तसाच राहतो.

नागपूरच्या महाल भागात चिंचोळ्या गल्ल्यांत जुने वाडे पाडून इमारती उभ्या राहतात. तिथे परांची थेट रस्त्यावर येते आणि धोका मजुराइतकाच पादचाऱ्यालाही असतो. अशा ठिकाणी सैल बांबू वेळीच दाखवणाऱ्या, सेफ्टी बेल्ट अडकवूनच वर चढणाऱ्या मजुराला त्याच आठवड्याच्या पगारात बक्षीस मिळावे. ठेकेदाराचे बिल मंजूर करतानाही हीच कसोटी लावावी.

१९९६च्या कायद्याने बांधकाम खर्चावर उपकर बसवला. त्यातूनच राज्याचे कल्याणकारी मंडळ नोंदणीकृत कामगारांना सुरक्षा संच आणि कामावर मृत्यू झाल्यास वारसांना ५ लाख रुपये देते. हेल्मेट आणि बेल्ट हा कामगाराचा हक्क आहे, बक्षीस नव्हे. बक्षीस त्यापुढच्या दक्षतेला द्यावे. मृत्यूनंतरच्या मदतीपेक्षा अपघात टाळणाऱ्या हाताचा सन्मान केव्हाही मोलाचा.