पऱ्हाटीचे मूळ आणि डीएपीचे पोते

मृग बरसो न बरसो, जूनच्या पहिल्या आठवड्यात कृषी सेवा केंद्रापुढे रांग लागतेच. डीएपी आहे का, हा पहिला प्रश्न. आहे, पण सोबत ही बाटली घ्यावी लागेल, हे ठरलेले उत्तर. २०२४ च्या रब्बीत आणि २०२५ च्या खरिपात टंचाई झाली तेव्हा तर बाटलीबरोबर चार उपदेशही ऐकून घ्यावे लागले. या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला एक गोष्ट मात्र कोणी विचारत नाही: बाबा रे, तुझ्या वावराला स्फुरद हवा आहे का, आणि हवा असेल तर किती? दुकानदार विचारणार नाही, त्याचा तो धंदा नाही. सरकार विचारत नाही, कारण त्याचा हिशेब पोत्यांत चालतो. तेव्हा आम्ही हा प्रश्न थेट पऱ्हाटीलाच विचारायचे ठरवले आहे.

आधी स्फुरदाचा स्वभाव पाहू. नत्र पाण्याबरोबर पळतो. स्फुरद जागचा हलत नाही. सबंध हंगामात तो मातीत काही मिलिमीटर सरकला तरी खूप झाले. म्हणजे स्फुरद मुळाकडे येत नाही, मुळाला त्याच्याकडे जावे लागते. त्यात आपली काळी जमीन चुनखडीची, सामू साडेसात ते साडेआठ. डीएपीचा दाणा विरघळला की त्यातला स्फुरद चुन्याच्या तावडीत सापडतो. पहिल्या वर्षी पिकाच्या तोंडी त्यातला दहा ते पंचवीस टक्केच लागतो. बाकीचा नाहीसा होत नाही, तो मुदत ठेवीत जातो. पुढच्या वर्षांत थोडा थोडा सुटतो. एकरभर जमिनीच्या वरच्या थरात सगळ्या रूपांतला स्फुरद मोजला तर तो शेकडो किलो भरतो. आणि प्रयोगशाळेच्या कागदावर त्याच वावराला 'उपलब्ध स्फुरद कमी' असा शेरा असतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. घरात धान्याची कणगी आहे, पण कुलूप लावलेले आहे.

पऱ्हाटी या कुलपाचे काय करते? ती हातपाय गाळून बसत नाही. स्फुरद कमी पडला की ती शेंड्याची वाढ आखडते आणि मिळेल ती साखर मुळाकडे पाठवते. मुळे लांबतात, केशमुळे वाढतात. मुळांतून सायट्रिक, मॅलिक यांसारखी आम्ले पाझरतात आणि चुन्याने धरून ठेवलेला थोडा स्फुरद सोडवून घेतात. शेणखतात, काडीकचऱ्यात अडकलेला स्फुरद मोकळा करणारे फॉस्फेटेज हे विकर मुळे जास्त सोडू लागतात. जुन्या पानांतला स्फुरद काढून नव्या पानांना दिला जातो. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ती उधारीवर मजूर लावते. मायकोरायझा नावाची बुरशी मुळात शिरते, तिचे धागे मूळ पोचू शकत नाही तिथवर जातात, स्फुरद आणि जस्त आणून देतात आणि मजुरी म्हणून साखर घेतात. कापसाचे सोटमूळ खोल जाते खरे, पण ज्वारी-गव्हासारखे त्याच्या मुळांचे दाट जाळे नसते. म्हणून कापूस या बुरशीवर फार अवलंबून असतो. आम्ही पदवीच्या वर्गात होतो तेव्हा हे सारे दोन परिच्छेदांत संपले होते आणि खताच्या मात्रांचे तक्ते मात्र महिनाभर पाठ करून घेतले होते.

हे वाचून कोणी म्हणेल, मग पोतेच बंद करा, झाड आपले आपण पाहून घेईल. असे सांगत फिरणारे महाराज गावोगाव आहेतच. त्यांनाही आमचा विरोध आहे. मुळाकडे गेलेली साखर बोंडाकडे जात नाही. १९८४ साली अमेरिकेत रॅडिन आणि आयडेनबॉक यांनी कापसावर दाखवून दिले, की स्फुरदाच्या उपासमारीत मुळांची पाणी वाहून नेण्याची ताकदच घटते आणि भर दुपारी पानाची वाढ थांबते. म्हणून उपाशी पऱ्हाटीचे पान लहान आणि गडद हिरवे दिसते. वरून ते तब्येतीचे वाटते, पण झाड ठेंगणे राहते आणि पाते उशिरा लागते. (पान लाल होणारा लाल्या हा निराळा. त्यात नत्र, मॅग्नेशियम आणि रात्रीचा गारठा यांचा भाग असतो. त्यावर उपाय म्हणून डीएपी गळ्यात मारले जात असेल तर घेऊ नका.) बरड, मुरमाड वावरात, जिथे खरोखरच ठेव नाही, तिथे झाडाची हिकमत लवकर संपते. कणगीच रिकामी असेल तर कुलूप उघडून काय उपयोग?

आता पोत्याचा आणि पिकाचा हिशेब मांडू. कोरडवाहू एकरात पाच क्विंटल कापूस झाला असे धरा. रुई म्हणजे जवळपास निव्वळ सेल्युलोज, ती हवापाण्यातून बनते, तिच्यात स्फुरद नावापुरता. स्फुरद जातो तो सरकीत. पाच क्विंटल कापसामागे शेताबाहेर जाणारा स्फुरद साधारण पाच किलो भरतो. डीएपीच्या एका पोत्यात तो तेवीस किलो असतो. ज्या वावरात गेली पंधरा-वीस वर्षे दरसाल एकरी एक पोते पडले आहे, तिथे ठेव किती साचली असेल, हे ज्याने त्याने बोटांवर मोजावे. आणि सरकी जिनमधून तेलगिरणीत जाते, ढेप होऊन आपल्याच गोठ्यात विकत परत येते. त्या ढेपेतला स्फुरद शेणात उतरतो. ज्याच्या गोठ्यात दोन जनावरे उरली आहेत आणि ज्याचा उकिरडा उघड्यावर वाहून जात नाही, त्याच्याकडे स्फुरदाचा कारखाना आहे. त्याच्यावर सबसिडी मात्र नाही.

फार स्फुरद घातला तर काय बिघडते, असेही विचारले जाते. बिघडते ते असे: आयता स्फुरद मिळाला की पऱ्हाटी बुरशीला साखर देईनाशी होते, बुरशी कमी होते, आणि तिच्याबरोबर येणारे जस्तही कमी होते. मग जस्ताची पुडी घ्या. या बुरशीची किंमत ऑस्ट्रेलियातल्या शेतकऱ्यांना चांगली कळली आहे. न्यू साउथ वेल्सचा उत्तर भाग आणि क्वीन्सलँड इथली जमीन आपल्यासारखीच काळी, भेगाळणारी, आणि तिथेही कापूस होतो. तिथे ओल साठवण्यासाठी जमीन दीर्घकाळ पडीक ठेवली की पुढचे पीक खुरटते, स्फुरद आणि जस्ताची उणीव दाखवते, असा अनुभव आला. कारण शोधता सापडले की इतके दिवस जमिनीत जिवंत मूळच नसल्याने बुरशी उपाशी मेली होती. आपल्याकडे कापसात तुरीची ओळ, फेरपालटात ज्वारी ही जुनी रीत होती. तिचे हे एक कारण होते, मग ते आजोबांना ठाऊक असो वा नसो. तुरीचा मुद्दा निघाला म्हणून सांगतो. तुरीचे मूळ खास आम्ल सोडून लोहाला बांधलेला स्फुरद सोडवते, हे पटणचेरूच्या इक्रिसॅटमधले संशोधन १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. ते लोहबद्ध स्फुरदाच्या तांबड्या जमिनीचे आहे. आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीला ते जसेच्या तसे चिकटवू नये.

खरी गोम पुढेच आहे. झाडाची ही ताकद सगळ्या वाणांत सारखी नसते. भाताचे उदाहरण घ्या. कासालाथ नावाच्या जुन्या औस भातात स्फुरदाच्या तुटीत मुळे झपाट्याने वाढवणारे एक जनुक आहे. २०१२ साली शास्त्रज्ञांनी ते हुडकून काढले आणि पाहतात तो काय, पोसलेल्या जमिनीत निवडून आलेल्या अनेक सुधारित वाणांत ते उरलेलेच नव्हते. पोट भरलेल्या पंगतीत उपास सोसणारा ओळखू कसा येणार? कापसाचेही तेच चालले आहे. वाणांची चाचणी होते ती शिफारशीची पूर्ण मात्रा देऊन. १९७० मध्ये एच-४ हा पहिला संकरित कापूस आला, २००२ मध्ये बीटी आला, आज बहुतेक सारे क्षेत्र संकरित बीटीखाली आहे आणि देशी कापूस काठाकाठाने उरला आहे. बीटीला आमचा विरोध नाही, शेतकऱ्याला जे तंत्र हवे ते मिळालेच पाहिजे. पण बियाण्याच्या पाकिटावर अळीची हमी असते, बोंडाचा रंगीत फोटो असतो. अर्ध्या स्फुरदावर हा वाण किती पिकतो, हे कुठेच नसते. आमची मागणी साधी आहे. विद्यापीठांनी आणि कंपन्यांनी प्रत्येक वाण पूर्ण मात्रेवर आणि बिनस्फुरदावर, दोन्हीकडे लावावा आणि दोन्ही आकडे जाहीर करावेत.

दुसरी मागणी मातीपरीक्षणाची. २०१५ साली मृद आरोग्य पत्रिकेची योजना वाजतगाजत आली. तिच्या नियमाने कोरडवाहू भागात दहा हेक्टरांच्या चौकटीला एक नमुना. दहा हेक्टर म्हणजे पंचवीस एकर! आपल्या एका पाच एकरांच्या तुकड्यात वरच्या बाजूला मुरूम आणि नाल्याकाठी पुरुषभर काळी असते. पंचवीस एकरांच्या त्या कागदावर तुमचे नाव छापले म्हणून तो तुमच्या वावराचा होत नाही.

तिसरी गोष्ट भावाची. २५ ऑगस्ट १९९२ ला स्फुरद-पालाशाची खते नियंत्रणमुक्त झाली, युरिया बांधलेला राहिला. १ एप्रिल २०१० पासून अन्नद्रव्यावर आधारित अनुदान आले, त्यातही युरिया बाहेरच. मे २०२१ मध्ये जगात भाव चढले तेव्हा डीएपीच्या पोत्यामागचे अनुदान ५०० वरून १२०० रुपये केले, पुढे २०२२ मध्ये पोते १३५० रुपयांचे झाले. २०१८ पासून या अनुदानाला 'थेट लाभ' म्हणतात. अंगठा शेतकऱ्याचा, पैसे जमा होतात कंपनीच्या खात्यात. तेच पैसे एकरामागे शेतकऱ्याच्या हातात द्या. मग तो डीएपी घेईल, सिंगल सुपर घेईल (त्यात गंधकही आहे), शेणखत विकत घेईल किंवा त्या वर्षी काहीच घेणार नाही.

सरकार हलेपर्यंत आपण एवढे करू शकतो. ज्या वावरात दहा वर्षे डीएपी पडले आहे, तिथे या खरिपात तीन पट्टे पाडा, प्रत्येकी दहा तासांचे, उतारावरून खाली सरळ, म्हणजे हलकी-भारी जमीन तिघांच्या वाट्याला सारखी येईल. एकाला नेहमीचे पोते. दुसऱ्याला निम्मे, पण फोकून नाही. ओळीच्या बाजूला, बियाण्यापेक्षा दोन बोटे खोल, मातीआड. वरचा थर उघडिपीत कोरडा पडतो आणि तिथला स्फुरद मुळाला घेता येत नाही. तिसऱ्याला स्फुरद नाही. डीएपीच्या पोत्यात नऊ किलो नत्रही असते, म्हणून जिथे ते कमी केले तिथे एका पोत्यामागे वीस किलो युरिया या हिशेबाने भरून काढा. नाहीतर नत्राचा फरक स्फुरदाच्या नावावर जमा होईल. बरड वावरात तिसरा पट्टा पाडू नका. काठाचे तास सोडून प्रत्येक वेचा वेगळा तोला. ठेव एका सालात संपत नाही, तेव्हा खुंट्या रोवून तेच पट्टे तीन वर्षे ठेवा. जमिनीचा प्रकार, वाणाचे नाव, मागच्या पोत्यांचा अंदाज आणि तीन पट्ट्यांचे वजन एवढे एका कागदावर लिहून जानेवारीच्या जिल्हा बैठकीला घेऊन या.