एक जूनचा सहा जानेवारी

संगणकाच्या प्रोग्राममधील चुका कशा शोधाव्यात, या विषयावर निवासी विद्यालयाच्या स्मरणिकेत लिहिणे काहींना अप्रस्तुत वाटेल. स्मरणिकेत संस्थेच्या वाटचालीचा आलेख असावा, देणगीदारांचे ऋण मानावे, माजी विद्यार्थ्यांनी आठवणी सांगाव्यात, असा प्रघात आहे. आमचा लेखही एका परीने आठवणच आहे. मात्र ती आमच्या हातून घडलेल्या चुकीची आहे, आणि त्या चुकीचा बोल दीर्घकाळ दुसऱ्याच व्यक्तीला लागत राहिला, म्हणून ती येथेच नोंदवणे आम्हांस उचित वाटते.

या वसतिगृहात वाढलेले आम्ही चौघे पुढे मुंबईस जाऊन संगणकाच्या व्यवसायात स्थिरावलो. २००४ च्या सुमारास, संस्थेचे काही उतराई व्हावे या भावनेने, कार्यालयासाठी एक प्रोग्राम आम्ही लिहून दिला. मुलाचे नाव, जन्मतारीख, प्रवेशाची इयत्ता ही माहिती भरावी आणि बटण दाबताच शाळा सोडल्याचा दाखला छापून मिळावा, इतकेच त्याचे काम. तो व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये लिहिला होता आणि माहितीचा साठा ॲक्सेसमध्ये होता. शनिवारी गेटवेवरून लाँच धरायची, मांडव्याच्या धक्क्यावर उतरायचे, रात्रभर काम करायचे आणि रविवारी परतायचे, अशा काही फेऱ्यांत तो पुरा झाला. छोटेखानी समारंभ झाला, आम्हांस पुष्पगुच्छ मिळाले.

त्यानंतर दोन वर्षांनी तक्रार आली. काही दाखल्यांवर जन्मतारीख चुकीची छापली जात होती. एक जूनला जन्मलेला मुलगा दाखल्यावर सहा जानेवारीचा होई. ज्यांच्या घरी जन्माची नोंद नसते अशा मुलांच्या नावापुढे शाळेत घालताना एक जून लिहिण्याची आपल्याकडील जुनी रीत वाचकांस ठाऊक आहेच. तेव्हा चूक एक जूनचीच असेल तर ती सर्वांत आधी कोणाच्या वाट्याला येणार, हे वेगळे सांगावयास नको.

सर्वांनी कार्यालयातील ताईंना दोष दिला. टंकताना त्यांचे लक्ष नसते, असे ठरले. आम्हीही दूरध्वनीवर तेच सांगितले, कारण आमच्या प्रोग्रामवर आमचा विश्वास होता. ताई मात्र पुनःपुन्हा एकच सांगत होत्या की, ‘मी बरोबर भरते, मग ती बदलते, आणि पुन्हा उघडून जतन केली की कधीकधी आपोआप सुधारते.’ यंत्र आपल्या मनाने तारीख बदलते आणि आपल्याच मनाने दुरुस्त करते, हे कोणा सुशिक्षिताला पटावे? आम्हांस हसू आले होते. आज त्या हसण्याची लाज वाटते.

वस्तुस्थिती अशी होती. ॲक्सेसला एसक्यूएलच्या आज्ञेतून तारीख दिली की ते ती अमेरिकी रीतीने वाचते, आधी महिना व मग दिवस. खिडक्यांची प्रणाली भारतीय मांडणीवर ठेवलेली असली तरी या जागी तिचे काही चालत नाही. आम्ही मात्र तारीख आपल्या रीतीने, आधी दिवस व मग महिना अशी अक्षरांत गुंफून पाठवीत होतो. ०१/०६ गेले, तर ॲक्सेसने ते सहा जानेवारी म्हणून ठेवले. तीच नोंद पुन्हा उघडली की पडद्यावर ०६/०१ दिसे. ती तशीच जतन केली की ॲक्सेस ते सहाव्या महिन्याची पहिली तारीख असे वाची, आणि एक जून परत येई. म्हणजे नोंद किती वेळा उघडून जतन केली, यावर मुलाची जन्मतारीख ठरत होती. ताईंचे निरीक्षण तंतोतंत खरे होते. चौघा अभियंत्यांपैकी एकालाही ते तपासून पाहावेसे वाटले नव्हते.

हा दोष आमच्या चाचणीत का सापडला नाही, हा प्रश्न आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. दिवसाचा आकडा बारापेक्षा मोठा असला तर ॲक्सेस मुकाट्याने आपली समजूत बदलते. तेरावा महिना नसतो, हे त्याला ठाऊक आहे. त्यामुळे १५/०८ बरोबर जाते, २६/०१ बरोबर जाते. आणि या वसतिगृहात वाढलेल्या आमच्या बोटांना चाचणीसाठी तारीख टंकायची म्हटले की आपसूक कोणत्या तारखा येत होत्या? १४ एप्रिल १८९१ आणि १४ ऑक्टोबर १९५६. दोन्ही बारापलीकडच्या, दोन्ही निर्दोष परत आल्या. सहा डिसेंबर टंकण्यास आमचे मन धजले नाही. ती एक तारीख घातली असती, तर पडद्यावर बारा जून उमटून चूक त्याच रात्री पकडली गेली असती. वर्षातील एकशे बत्तीस दिवस अशा रीतीने उलटतात, उरलेले सुखरूप राहतात. दोनतृतीयांश दिवस बरोबर चालणारा प्रोग्राम हा मुळीच न चालणाऱ्या प्रोग्रामपेक्षा अधिक घातक, कारण त्याच्यावर लोक विश्वास ठेवतात.

दुरुस्ती एका ओळीची होती. तारीख वर्ष आधी, मग महिना, मग दिवस अशी पाठवली की संदिग्धता उरत नाही. परंतु उलटलेल्या तारखा कोणत्या आणि सुलटलेल्या कोणत्या, हे संगणक सांगू शकत नव्हता. त्याच्या लेखी सर्वच वैध तारखा होत्या. अखेर हाताने लिहिलेले जनरल रजिस्टर उघडून एकेक नोंद ताडून पाहावी लागली. ते पावसाळ्याचे दिवस होते. गेटवेची लाँच बंद, म्हणून आम्ही वडखळमार्गे एस.टी.ने येत असू. ताई मोठ्याने वाचीत आणि आम्ही पडद्यावर पाहत असू. त्या रजिस्टरला वाळवी लागली आहे, ते रद्दीत काढावे, अशी सूचना आमच्यापैकीच एकाने प्रोग्रामच्या उद्घाटनात केली होती, हेही येथे प्रांजळपणे नमूद करतो.

शाळा सोडल्यानंतर जन्मतारखेची नोंद बदलून घेणे किती यातायातीचे असते, हे ज्यांच्यावर प्रसंग आला त्यांना विचारावे. जातीचा दाखला, परीक्षेचा अर्ज, नोकरी, प्रत्येक ठिकाणी दोन कागद समोरासमोर ठेवले जातात आणि न जुळणारा कागद गरिबाचाच ठरतो.

यावरून आमचे मत असे बनले आहे की, आपल्या मुलांना संगणक चालविण्यापेक्षा संगणकाची चूक शोधणे आधी शिकवावे. आज आपल्याकडे कोणतीही अडचण आली की एकच उपाय सांगितला जातो: ‘फॉरमॅट मारा.’ त्याने यंत्र पुन्हा सुरू होते, हे खरे. पण चूक का झाली होती ते कायमचे पुसले जाते, आणि तीच चूक महिन्याभराने परत येते. ‘आमच्या मशीनवर तर चालते’ हे प्रोग्राम लिहिणाऱ्यांचे आवडते उत्तरही त्याच जातीचे. कार्यालयातील संगणकावर एखादी सहायक फाइल नसते, मुंबईतील संगणकावर ती असते, म्हणून तेथे चालते व येथे चालत नाही. उत्तर म्हणून ते वाक्य निरुपयोगी आहे. दोन यंत्रांत नेमके काय वेगळे आहे, असा प्रश्न म्हणून घेतले तर तेच वाक्य शोधाची पहिली पायरी ठरते.

मराठी नावांचा छळ हा याहून जुना विषय आहे. व्हिज्युअल बेसिक ६ च्या चौकटींना युनिकोड समजत नसे. त्यांत देवनागरी घातली की ओळीने प्रश्नचिन्हे उमटत. म्हणून त्या काळी सर्वांनी केले तेच आम्ही केले. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकृत्या बसवलेला फॉन्ट वापरला. पडद्यावर मराठी दिसे, आत मात्र इंग्रजी अक्षरांचा गोंधळ साठत राही, आणि तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर तोच गोंधळ मुलाचे नाव म्हणून प्रकट होई. पुढे आम्ही प्रोग्राम नव्याने लिहिला व सर्व नावे युनिकोडमध्ये आणली, तेव्हा वाटले की प्रश्न मिटला. तो मिटला नव्हता. शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी कुऱ्हाडे आडनावाचा एक मुलगा टेबलापुढे उभा होता, आणि प्रोग्राम सांगत होता की या आडनावाचा विद्यार्थी नाही. आचार्यास दक्षिणा आणि आचाऱ्यास पगार यांतील भेद दाखवणारा मराठीचा तो खास अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: एकदा नुक्त्याच्या ऱ पासून, एकदा साध्या र ला हलन्त व अदृश्य जोडचिन्ह देऊन. डोळ्यांना दोन्ही एकच दिसतात, संगणकाला दोन वेगळे शब्द वाटतात. जुन्या नोंदी एका प्रकारे रूपांतरित झाल्या होत्या, नवा कळफलक दुसऱ्या प्रकारे लिहीत होता. शोधण्यापूर्वी दोन्ही रूपे एकाच रूपात आणून घेतली की काम भागते. पण तो मुलगा दोन दिवस, आपले नाव आपण नीट सांगत नाही, अशा समजुतीत खाली मान घालून उभा होता.

वडिलांचे नाव रिकामे ठेवता येणार नाही, असा नियमही आम्हीच घातला होता. ज्या मुलांच्या कागदांवर केवळ आईचेच नाव आहे त्यांच्यासाठी ताई तेथे एक टिंब देत. काही दाखल्यांवर ते टिंब छापले गेले. याविषयी अधिक लिहीत नाही. तो नियम काढून टाकला आहे.

चूक शोधण्याचे शास्त्र फार गहन नाही. ती हवी तेव्हा पुन्हा घडवून आणता आली पाहिजे. पडद्यावर आलेला संदेश ‘ओके’ दाबून घालवण्याआधी वाचला व उतरवून घेतला पाहिजे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. चार बदलल्या आणि चूक गेली, तर कोणत्या बदलाने गेली हे कळत नाही. प्रोग्रामचा अर्धा भाग बंद करून चूक उरलेल्या अर्ध्यात राहते का ते पाहावे, मग त्या अर्ध्याचा अर्धा. आणि काही करण्यापूर्वी माहितीची प्रत काढून ठेवावी. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्याला धडकले आणि वीज गेली, तेव्हा जतन होता होता तुटलेली फाइल पुन्हा उघडली नाही. आदल्या आठवड्याची प्रत कपाटात होती, म्हणून निभावले.

हे काम नववी-दहावीच्या मुलामुलींच्या हाती द्यावे, असे आम्ही सुचवले तेव्हा काही शिक्षकांनी रास्त शंका घेतली: मुलांची खासगी माहिती मुलांच्याच हाती कशी द्यावी? शंका मान्य करून काल्पनिक नावांची एक प्रत संगणक कक्षात ठेवली आहे. मुले मोडतोड करतील, ही दुसरी शंका मात्र आम्हांस मान्य नाही. प्रत मोडण्यासाठीच असते. ‘हात लावू नकोस, बिघडेल’ हे वाक्य आपल्या आईबापांनी आयुष्यभर ऐकले आहे. ते या कक्षात तरी उच्चारले जाऊ नये.

९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्डच्या मार्क दोन या संगणकाच्या रिलेमध्ये एक पतंग अडकलेला सापडला. तेथील मंडळींनी तो काढून टाकला असता तर कोणाच्या लक्षातही राहिला नसता. त्यांनी तो वेळेसह नोंदवहीत चिकटवला. ती वही आज वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे. चुकीला ‘बग’ म्हणण्याची रीत त्याहून जुनी आहे, तो भाग वेगळा. आम्हांस मोह वाटतो तो चिकटवण्याचा. म्हणून संगणक कक्षात आता एक दोनशे पानी वही ठेवली आहे. डावीकडे काय घडले, उजवीकडे कारण काय निघाले. पहिल्या पानावर एक जूनची हकिकत ताईंच्या हस्ताक्षरात आहे. ती त्यांनीच लिहावी, असा आमचा आग्रह होता.

अठराव्या नोंदीची उजवी बाजू अद्याप कोरी आहे. शनिवारी छापलेल्या दाखल्याची शेवटची ओळ दुसऱ्या पानावर जाते, इतर वारी जात नाही. शनिवारी कार्यालय लवकर बंद होते आणि छपाई ग्रंथालयातील यंत्रावर होते. नववीच्या दोन मुलींचा संशय कागदाच्या मापावर आहे: ए-फोर कागद २९७ मिलिमीटर लांब असतो आणि लेटर त्याहून सुमारे १८ मिलिमीटर आखूड. येत्या शनिवारी त्या तेवढे एकच माप बदलून पाहणार आहेत.