दिवा पुसायचा कोणी?

लेकी परदेशी गेल्या की आयांच्या काळज्याही त्यांच्या मागोमाग जातात. काळज्यांना ना व्हिसा लागतो, ना तिकीट! जेवली असेल का, अंगात स्वेटर घातला असेल का, वेळेवर घरी पोचली असेल का... पूर्वी हे पुण्या-मुंबईच्या घरांतलं होतं. आता आपल्या तालुक्याच्या गावांतल्या मुलीही शिकून कॅनडा, अमेरिका, जर्मनी गाठतात, तिथे नोकऱ्या करतात, स्वतःची गाडी स्वतः चालवतात. त्यांच्या आयांच्या काळज्यांच्या यादीत आज मला एका गोष्टीची भर घालायची आहे. गाडीच्या दिव्यांवर साचणारा बर्फ!

हसू नका मैत्रिणींनो. बर्फ म्हटलं की आपल्याला सिनेमातलं गाणं आठवतं, नाहीतर मनालीच्या सहलीत भाड्याचे कोट घालून काढलेले फोटो. बर्फातून रोज कामावर जाणारी बाई काही डोळ्यांसमोर येत नाही. तिच्यासाठी बर्फ ही मौज नसते. अंगण झाडावं तसं ते रोजचं, न टळणारं काम असतं.

माझी लेक कॅनडात एडमंटनला असते. तिथल्या एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. एक अख्खा हिवाळा मी तिच्याकडे काढला. तिथे डिसेंबरच्या अखेरीस सूर्य पावणेनऊच्या सुमाराला उगवतो आणि सव्वाचारला मावळतोही. म्हणजे सकाळी कामावर जाताना अंधार आणि घरी येतानाही अंधारच. पारा शून्याच्या खाली वीस-पंचवीस अंश गेला तरी शाळा, कचेऱ्या, बाजार सगळं चालू. रात्री गाड्यांचं इंजिन गोठू नये म्हणून त्यांना विजेची वायर जोडून ठेवतात. दारात खुंट्याला म्हशी बांधाव्यात तशा या गाड्या वायरीला बांधलेल्या!

लेकीची कामाची पाळी सातची. सव्वासहाला ती लांब दांड्याचा ब्रश घेऊन बाहेर पडायची. आधी टपावरचा बर्फ, मग काचा, मग आरसे. आणि सगळ्यात शेवटी, वाकून, पुढचे दिवे, मागचे दिवे, वळण्याचे दिवे आणि नंबरप्लेट. मी खिडकीतून बघत असायची. एकदा तिला म्हटलं, "अगं, दिवे लावलेस की तापतील ना. वितळेल आपोआप. कशाला थंडीत वाकतेस?"

ती म्हणाली, "आई, हे नवे एलईडी दिवे आहेत. हे लागतात, पण तापत नाहीत."

खरी मेख इथेच आहे. पूर्वी गाड्यांना हॅलोजनचे बल्ब असायचे. साधारण पंचावन्न-साठ वॉटचा तो बल्ब. त्यातली बरीचशी वीज उजेडाऐवजी उष्णतेतच जायची. ती उष्णता समोरच्या काचेवर पडायची आणि काचेवरचा बर्फ हळूहळू ओघळून जायचा. एलईडी दिव्याला वीज कमी लागते, तो टिकतो जास्त. तोही तापतो, पण त्याची उष्णता मागच्या बाजूने काढून घेतलेली असते. पुढची काच थंडच राहते. मग बर्फ तिच्यावर बसतो तो बसतोच. वीज वाचली, पण बर्फ काढायचं एक काम वाढलं.

हीच गत रस्त्यावरच्या सिग्नलची झाली. अमेरिकेतल्या थंड राज्यांनी वीज वाचवायला सिग्नलला एलईडी बसवले, आणि वादळात ते बर्फाने बुजायला लागले. २००९ च्या हिवाळ्यात विस्कॉन्सिनसारख्या राज्यांत याची बरीच चर्चा झाली. लाल लागलाय की हिरवा, तेच दिसेना! माणसं पाठवून सिग्नल झाडून घ्यायची वेळ आली. नवं काही आलं की त्याने काय सोपं केलं हे जाहिरातीत छापून येतं. त्याने कोणतं नवं काम मागे लावलं हे मात्र वापरणाऱ्यालाच शोधून काढावं लागतं. आपल्या स्वयंपाकघरात हे आपण कितीदा तरी अनुभवलंय, नाही का?

बरं, घरून निघताना एकदा पुसलं की झालं, असंही नाही. पुढच्या गाडीच्या चाकांनी उडवलेला बर्फाचा राडा दिव्यावर थापला जातो आणि तिथेच गोठतो. मागचे दिवे तर त्याहून लवकर झाकतात, कारण धावत्या गाडीच्या मागे हवेचा भोवरा तयार होतो आणि उडालेला भुगा त्यात ओढला जाऊन गाडीच्या पाठीवर बसतो. चालवणाऱ्या बाईला याचा पत्ताच नसतो. शहरात रस्त्यावर दिवे असतात, तिला सगळं नीट दिसत असतं. शहर संपून हमरस्ता लागला की कळतं, आपल्या दिव्यांचा उजेड नुसता मिणमिणतोय. आणि मागचे दिवे झाकलेत हे तर तिला कळतच नाही. ते मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला कळतं, तेही अगदी जवळ आल्यावर.

म्हणून थंड देशांनी ही गोष्ट ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडलेली नाही. जर्मनीच्या वाहतूक नियमात स्पष्ट लिहिलंय, की गाडीचे दिवे झाकलेले किंवा मळलेले असता कामा नयेत. ब्रिटनच्या नियमपुस्तकात बर्फातून गाडी काढण्याआधी काचा साफ हव्यात, दिवे स्वच्छ हवेत आणि नंबर वाचता आला पाहिजे असं सांगितलंय. स्वीडनच्या साब कंपनीने तर १९७० सालीच पुढच्या दिव्यांना चिमुकले वायपर बसवले होते. त्याच देशाने १९७७ मध्ये दिवसाही दिवे लावून गाडी चालवणं सक्तीचं केलं.

दिवसाढवळ्या दिवे कशाला? तर आपल्याला रस्ता दिसावा म्हणून नव्हे, दुसऱ्याला आपण दिसावं म्हणून. आपल्याकडे १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाक्यांचा दिवा इंजिन सुरू झाल्याबरोबर आपोआप लागतो, त्यामागेही हेच कारण आहे. सुरुवातीला कितीजणींना रस्त्यात लोकांनी हात करून सांगितलं असेल, "ताई, दिवा चालू राहिलाय!"

खरं तर ही अक्कल आपल्याकडे जुनीच आहे. रात्रीच्या प्रवासात बैलगाडीच्या खाली कंदील टांगायचे, आठवतंय? गाडीच्या पोटाशी लोंबणाऱ्या त्या कंदिलाने रस्ता कितीसा दिसणार? पण समोरून, मागून येणाऱ्याला कळायचं, की बाबा, इथे गाडी आहे. जपून ये.

आता मुद्द्याचं. दिवा पुसायचा कोणी?

आपल्या घरांत याचं उत्तर पिढ्यान् पिढ्या ठरलेलं होतं. तिन्हीसांजेच्या आधी कंदिलांच्या, चिमण्यांच्या काचा चुलीतल्या राखेने पुसायच्या, वात कापायची, रॉकेल भरायचं, हे सगळं घरातल्या बायकांचं आणि मुलींचं काम. काचेत हात जाईल असा हात लहान पोरींचाच, म्हणून तर हे काम त्यांच्याकडे यायचं. काजळी धरलेली काच म्हणजे घरच्या बाईचा गलथानपणा, असा शिक्काही बसायचा. पण तोच दिवा गाडीला लागला आणि रातोरात पुरुषांचा झाला! गाडीचं बघायचं ते वडिलांनी, भावाने, नवऱ्याने, नाहीतर गॅरेजवाल्याने. मुलीला गाडी चालवायला शिकवतात, पेट्रोल भरायला शिकवतात. पण "निघण्याआधी गाडीभोवती एक चक्कर मार, चारी बाजूंचे दिवे बघ" हे किती मुलींना कुणी शिकवलंय? आणि ह्याच मुली उद्या बर्फाच्या देशात एकट्या गाडी चालवणार असतात.

तिथल्या मराठी मंडळींच्या हळदीकुंकवाला गेले होते. गप्पांत एकजण म्हणाली, "काकू, सकाळी पोरांना बूट, टोप्या, हातमोजे घालेपर्यंत माझा जीव जातो. त्यांचे डबे, यांचा डबा. मग गाडीसाठी वेळ कुठे उरतो? समोरच्या काचेवर बघण्यापुरतं भोक पाडते आणि निघते." सगळ्या हसल्या. मला काही हसू आलं नाही. कारण ती आळशी नव्हती. तिचा नवरा त्याच वेळी बाहेर स्वतःची गाडी निवांतपणे साफ करत असायचा, तेही तिनेच सांगितलं.

माझ्या लेकीकडे वेगळी रीत आहे. ती गाडी साफ करत असते तेव्हा जावई नातवाला तयार करतात. तो उलट्या बाजूचे बूट घालून निघतो कधी कधी, पण निघतो! मी एकदा जावयांना विचारलं, "मग तिची गाडी तुम्ही साफ करा ना, ती मुलाचं बघेल." ते म्हणाले, "आई, माझी पाळी बदलली की तिला एकटीलाच करावं लागेल. सवय तिचीच हवी. मी तिला वेळ मोकळा करून देतो." मला हे फार पटलं. गाडी बाईची, रस्ता बाईचा, तर दिव्यावरचा हातही तिचाच हवा. पण त्यासाठी लागणारी दहा मिनिटं ही घरातल्या सगळ्यांची जबाबदारी आहे. ती मिनिटं बाईने स्वतःच्या झोपेतून किंवा जिवाच्या धोक्यातून काढायची, हे मला मान्य नाही.

ज्यांच्या लेकी, सुना, बहिणी थंड देशांत आहेत, त्यांनी फोनवर "जेवलीस का?" विचारून झालं की हेही सांगावं. दिव्यावरचा बर्फ मऊ ब्रशने काढायचा. वर गरम पाणी ओतायचं नाही, काच तडकू शकते आणि तेच पाणी पुन्हा गोठतं. आताच्या पुढच्या दिव्यांची काच ही खरी काच नसून कडक प्लॅस्टिक असतं. त्यावर धातूची पट्टी किंवा भांड्यांची तारेची घासणी चालवली की ओरखडे पडतात आणि दिवा कायमचा अंधूक होतो. घट्ट चिकटलेल्या बर्फासाठी तो सुटा करणारा फवारा दुकानात मिळतो, तो मारून दोन मिनिटं थांबायचं. लांब जायचं असेल तर वाटेत पेट्रोल पंपावर उतरून पुढचे-मागचे दिवे पुन्हा पुसायचे. आणि बर्फ पडत असताना दिव्यांचं बटण स्वतः फिरवायचं. पुष्कळ गाड्यांत दिवसाचे आपोआप लागणारे दिवे फक्त पुढचे असतात. मागे अंधारच! कॅनडाने सप्टेंबर २०२१ पासून नव्या गाड्यांसाठी यावर नियम केलाय, पण जुन्या गाड्या रस्त्यावर आहेतच.

आणि आपण इथल्या? आपल्याकडे बर्फ नाही, पण दिवा झाकायला बर्फच लागतो असं थोडंच आहे? पावसाळ्यात चिखल असतो, हिवाळ्यात धूळ आणि पहाटेचं धुकं. त्यातच ऊसपट्ट्यात गळीत हंगाम सुरू होतो. संध्याकाळी नोकरीवरून, क्लासवरून स्कूटीने परतणारी मुलगी आणि तिच्यापुढे उसाने भरलेली ट्रॉली. मागे लोंबणाऱ्या उसात रिफ्लेक्टर दडलेला, दिवा असलाच तर धुळीने माखलेला. त्यात तिच्या स्वतःच्या स्कूटीचा दिवाही चिखलाने आंधळा असेल, तर ना तिला ट्रॉली दिसणार, ना ती कुणाला दिसणार. ट्रॉलीवाल्यांना, कारखान्यांना आपण जाब विचारलाच पाहिजे. ट्रॉली ज्यांच्या घरची आहे त्या घरातल्या बाईनेही विचारावा, "अहो, मागचा दिवा पुसलात का?" पण आपल्या गाडीचा दिवा तर आपल्याच हातात आहे ना! डिकीत एक ओलं फडकं ठेवायला पैसे पडत नाहीत.

कुणी म्हणेल, एवढ्याशा कामावर एवढं मोठं लिहायचं? पण एवढीशी कामं कोण करतं आणि त्यासाठी वेळ कुणाला मिळतो, यावरच घरातल्या बाईचं जगणं ठरत असतं. उद्या मुलीच्या हातात गाडीची किल्ली द्याल, तेव्हा सोबत एक फडकंही द्या. आणि ते वापरायला लागणारी पाच मिनिटंही.